चवीपुरतं

१.
चीनमधले काकडीचे वेफर्स. पाकीट फोडल्याबरोबर पॅन्ट्रीभर चिरलेल्या काकडीचा वास. तिखट नाही, मसाला नाही, मीठही बेताचंच. दोन-दोन वेफर्स संपले तरी कुणी बोलेना. शेवटी सोलापूरकर म्हणाला, "ह्याला दाण्याचं कूट पाहिजे."

२.
ऑफिसात वेफर्स चाखायची व्यवस्था. शुक्रवार, दुपारचे चार. कागदी प्लेटा, पाणी, मध्येमध्ये तोंड साफ करायला मारी बिस्किट. चव कसली ते आणणाऱ्याने सांगायचं नाही. अख्खा वेफर खाल्ल्याशिवाय मत द्यायचं नाही. हा शेवटचा नियम फक्त लिहिलेला आहे.

३.
पाकीट फोडायचं ते पॅन्ट्रीतल्या मामांनीच. बाकीचे जोर लावतात, पाकीट उभं फाटतं आणि निम्मे वेफर्स मायक्रोवेव्हखाली जातात. मामा वरच्या शिवणीच्या दोन्ही बाजू चिमटीत धरतात आणि सावकाश ओढतात. तुकडा उडत नाही. स्वतः खात नाहीत. "मीठ बंद केलंय डॉक्टरांनी." पण पाकीट नुसतं हलवून सांगतात, "सादळलंय बरं का." अजून चुकलेले नाहीत.

४.
स्वीडनहून पाकीट आलं. त्यावर बारीक हिरव्या पानांची काडी छापलेली. टेस्टिंग टीममधल्या एकीने चित्र पाहिलं आणि प्लेट पुढे सरकवली.
"शेपू आहे. मी नाही खाणार."
"अगं, चाखून तर बघ."
"लहानपणी दर आठवड्याला चाखलाय."
स्वीडन, रशिया, तिकडे शेपू ही वेफर्सची नेहमीची चव. आपल्याकडे मुगाची डाळ घाला, लसणाची फोडणी द्या, काहीही करा, शेपूची भाजी घरातल्या एका माणसासाठी होते आणि बाकीचे त्या दिवशी पोळी-लोणचं खातात. आमच्या मजल्यावर पाच मिनिटांत दोन तट पडले. एका तटाने न खाताच शून्य गुण दिले. दुसऱ्या तटाला वेफर फारसा आवडला नव्हता, पण शेपूची बाजू कुणीतरी घ्यायला हवी म्हणून त्यांनी आठ दिले. सांगलीच्या एकाने तर आईला फोन लावून विचारलं, आपल्याकडे शेपूत डाळ मुगाची घालतात की हरभऱ्याची. आईने विचारलं, जेवलास का.
बाळंतपणाच्या रजेवरून नुकत्याच परतलेल्या एचआरच्या मॅडम शांतपणे खात होत्या. म्हणाल्या, "पानांचं मला माहीत नाही. ह्याच्या बिया मी सव्वा महिना खाल्ल्यात. बाळंतशोपा." आणि उरलेलं पाकीट त्या आपल्या जागेवर घेऊन गेल्या.

५.
नाक चिमटीत धरा. वेफर तोंडात टाका, चावा. आता सांगा कसली चव. खारट, जरासं आंबट, जरासं गोड. त्यापलीकडे चीज, पुदिना, कोंबडी सगळं एकच. नाक सोडा. कांदा येतो.
आमच्या लीड मॅडमनी हे पुन्हापुन्हा करून पाहिलं. "नाकाने कांदे सोलतात ते माहीत होतं," त्या म्हणाल्या, "खातातही नाकानेच."

६.
वहीतले शेरे.
समुद्री शेवाळ, थायलंड: "सुकट. पण शाकाहारी."
ओरेगॅनो, ग्रीस: "पिझ्झाबरोबर येते ती पुडी."
पाप्रिका, जर्मनी: "रंग दिसतो. तिखट कुठाय?"
मीठ-व्हिनेगर, ब्रिटन: "दात आंबले."
ट्रफल, इटली: "गॅस बंद केलाय ना?"
सावर क्रीम, कुठलंही: "ताक उतरलंय."
प्रॉन कॉकटेल, ब्रिटन: "ह्यात कोळंबी कुठाय?" (नसतेच.)

७.
लंडनहून निळं पाकीट. आपल्याकडे निळं म्हणजे मॅजिक मसाला, हे हातांना पाठ आहे. हे होतं वॉकर्सचं. कंपनी तीच, गोल चिन्हही तेच. अर्धं पाकीट संपल्यावर सेल्सचे साहेब म्हणाले, "मसाला जरा हात राखून टाकलाय इंग्रजांनी." चीज-कांदा होता तो.
ब्रिटनमध्येही हा घोळ आहेच. बहुतेक कंपन्या चीज-कांद्याला हिरवं पाकीट देतात आणि मीठ-व्हिनेगरला निळं. वॉकर्सचं उलटं. ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी २०११ मध्ये लोकांना मुद्दाम उलट्या रंगाच्या पाकिटातले वेफर्स खायला दिले. काहींना चव ओळखताच आली नाही.
साहेबांना हे सांगितलं. म्हणाले, "तरी मसाला कमीच होता."

८.
पूर्वी वेफरची चव म्हणजे मीठ, आणि तेही वेगळं. लंडनच्या फ्रँक स्मिथने १९२० च्या सुमारास पाकिटात निळ्या कागदाची मिठाची पुरचुंडी घालायला सुरुवात केली. ती शोधायची, सोडायची, भुरभुरायची, पाकीट हलवायचं. १९५४ मध्ये डब्लिनच्या जो मर्फीने टेटो ही कंपनी काढली आणि चीज-कांद्याची पूड कारखान्यातच वेफरवर चढवली. तिथून पुढे दरवाजा उघडला तो उघडलाच.
आयर्लंडमध्ये ब्रेडला लोणी लावून मध्ये वेफर्स घालतात, वरून तळहाताने दाबतात, सँडविच खातात. इंटर्नने करून पाहिलं. दाबल्याचा आवाज मीटिंग रूमपर्यंत गेला.

९.
अकाउंट्समधली एक सहकारी जैन आहे. बटाटा खात नाही. त्यामुळे गुण लिहायचं काम तिच्याकडे. इतका निःपक्षपाती परीक्षक मिळणार नाही. एक कॉलम तिने स्वतःहून वाढवला आहे: आवाज. डबीतले केळ्याचे वेफर्स खात ती डोळे मिटून ऐकते आणि आकडा लिहिते.

१०.
२००४ मध्ये ऑक्सफर्डमध्येच मॅसिमिलिआनो झांपिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी लोकांच्या कानांवर हेडफोन चढवून त्यांना प्रिंगल्स चावायला लावले. प्रिंगल्स का, तर सगळे एका मापाचे. चावण्याचा आवाज हेडफोनमधून त्यांना परत ऐकवला, कधी मोठा करून, कधी दाबून. आवाज मोठा केला, किंवा त्यातल्या फक्त वरच्या पट्ट्या वाढवल्या, तेव्हा तोच वेफर लोकांना जास्त कुरकुरीत आणि ताजा लागला. ह्या कामाला २००८ मध्ये इग नोबेल मिळालं.
अकाउंट्सवालीला सांगितलं. तिने कॉलमचं नाव बदललं नाही.

११.
वेल्समधल्या वेल्शपूलच्या एका पबमालकाने १९८१ मध्ये हेजहॉगच्या चवीचे वेफर्स काढले. हेजहॉग म्हणजे तो अंगावर काटे असलेला, घाबरला की गोळा होणारा लहानसा प्राणी. रोमा लोक तो मातीत लपेटून भाजत, म्हणून चव कशी असते ते त्यांनाच विचारलं म्हणे, आणि मग डुकराची चरबी व मसाल्याची पानं वापरून ती जुळवली. गिऱ्हाईक तुटून पडलं. सरकारी खात्याने पकडलं ते भलत्याच कारणावरून: ह्यात हेजहॉग नाही, ही ग्राहकाची फसवणूक आहे. लेबलातले शब्द फिरवून प्रकरण मिटलं.

१२.
वॉकर्सच्या स्मोकी बेकनमध्ये बेकन नसायचं. ब्रिटनमधले शाकाहारी निर्धास्त खायचे. २०१३ मध्ये कंपनीने चव 'अस्सल' करायची म्हणून त्यात खरोखरचं डुकराचं मांस घातलं. शाकाहारी चिडले.

१३.
संकष्टी. निम्म्यांचा उपवास. पाकिटाच्या पाठीमागच्या मजकुराचं सामुदायिक वाचन.
बटाटा: चालतो. तेल पामचं: फळाचंच ना, चालतं. मीठ: सैंधव असतं तर बरं, पण चालवून घेऊ. लाल तिखट: चालतं. जिरं: आमच्याकडे चालतं. आमच्याकडे नाही चालत. कोथिंबीर: कोकणातला म्हणाला चालते, नागपूरकराने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. हळद: नाही. कांद्याची पूड: विषयच नाही. मग माल्टोडेक्स्ट्रिन.
शांतता. फोन निघाले. मक्यापासून करतात. मका धान्य. नाही चालत.
एवढ्यात कुणीतरी पुढे वाचलं, टॅपिओकापासूनही करतात. म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याच्यापासून. आता? पाकिटावर कशाचं ते लिहिलेलं नाही. कंपनीला ईमेल करून विचारू, असा ठराव झाला. चर्चा चंद्रोदयापर्यंत चालली असती, पण साडेचारला क्लायंटचा कॉल होता.

१४.
ब्रिटन, २००८. वॉकर्सने लोकांकडून नव्या चवी मागवल्या. जिंकणाऱ्याला ५०,००० पौंड, आणि शिवाय त्या चवीच्या विक्रीतला एक टक्का.
गुजरात, २०१९. वॉकर्सच्याच जगड्व्याळ मालक कंपनीने साबरकांठ्यातल्या चार शेतकऱ्यांवर खटला भरला. तिच्या नावे नोंदलेल्या वाणाचा बटाटा त्यांनी लावला म्हणून. प्रत्येकी एक कोटीहून जास्त रुपयांची मागणी. ओरड झाल्यावर खटले मागे घेतले.

१५.
वॉकर्सच्या त्या स्पर्धेतल्या अंतिम सहा चवींत कांदाभजी होती. जिंकला 'बिल्डर्स ब्रेकफास्ट', म्हणजे अंडी, बेकन, सॉसेज वगैरे. बाहेर जुलैचा पाऊस पडत असताना ही बातमी पॅन्ट्रीत वाचून दाखवली. लोक इतके दुखावले की मामांना खाली पाठवून भजी मागवावी लागली.

१६.
सपोर्ट टीममधला एकजण मंचरकडचा. सातगाव पठारावर त्यांची शेती, बटाट्याची. त्याचं खाणं आमच्यापेक्षा वेगळं. वेफर आधी उजेडाकडे धरतो, उलटा करतो, कड बघतो, मग खातो.
"ट्रफल कसं वाटलं?"
"बटाटा थंडीत राहिलेला आहे."
"ते कसं कळलं?"
"कडेला तांबडं बघ."
कोल्ड स्टोरेजच्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. घरच्या भाजीत तिने फारसं बिघडत नाही. तळताना मात्र तीच साखर तांबडी पडते, जास्त असेल तर काळी आणि कडू. म्हणून वेफर्सच्या कारखान्याच्या गेटवर गाडीतले काही बटाटे काढून, तिथेच काप करून तळून बघतात. रंग पास तर गाडी आत. नाहीतर परत मंडईकडे, मिळेल त्या भावाला. कारखान्याला साखर कमी आणि घट्टपणा जास्त असलेला बटाटा लागतो. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने त्यासाठी खास वाणं काढली आहेत. नाव कुफ्री चिप्सोना.
"आमच्या वडलांनी," तो म्हणाला, "मसाल्याचा वेफर कधी खाल्ला नाही. म्हणतात, मसाला लावला की बटाटा दिसत नाही."

१७.
हिशोब. बटाट्यात सुमारे ऐंशी टक्के पाणी. तळल्यावर दोनेक टक्के उरतं. साधारण चार किलो बटाट्याचे एक किलो वेफर्स होतात, आणि त्या एका किलोत जवळजवळ एक तृतीयांश तेल. इंटर्नने हे फळ्यावर मांडलं. फळ्यावर त्या आठवड्याचं 'हेल्दी ऑफिस' पोस्टर आधीच लावलेलं होतं. ते कुणी काढलं नाही.

१८.
सिंगापूरचे खारवलेल्या अंड्याचे वेफर्स. महाग, जाड पुठ्ठ्यासारख्या पिशवीत, आणि आजवर आलेल्यांत सर्वांत चविष्ट. पिवळा बलक वेफरवर किंचित रवाळ चिकटलेला, मध्येमध्ये तळलेला कढीपत्ता. अंडं खाणारे तुटून पडले. प्लेट रिकामी झाली तेव्हा कडेला कढीपत्त्याची पानं नीट रांगेत लावलेली होती. पोह्यांच्या प्लेटेत असतात तशीच.

१९.
६२१, ६२७, ६३१. आपल्याकडच्या मसाला वेफर्सच्या पाकिटांवर चव वाढवणाऱ्या पदार्थांच्या ह्या क्रमांकांतला एखादा बहुधा सापडतो. ६२१ ची चव १९०८ मध्ये टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी कोंबू ह्या समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून हुडकली. ६३१ चं मूळ वाळवलेल्या बोनिटो माशात सापडलं, १९१३ मध्ये. ६२७ चं शिताके अळंबीत. तिन्ही जपान्यांनीच शोधलं. एकत्र आले की एकमेकांना चढवतात.
६३१ म्हणजे डुकराची चरबी, असा संदेश व्हॉट्सॲपवर दरवर्षी फिरतो. ते चरबी नाही. प्राण्यांपासून काढता येतं, टॅपिओका आंबवूनही काढता येतं. हिरवा ठिपका असेल तर दुसरं. हे मी फॅमिली ग्रुपवर समजावून लिहिलं. मावशीने हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि तोच संदेश पुन्हा पाठवला.

२०.
आयात केलेल्या पाकिटावर आयातदाराचं पांढरं लेबल असतं. ते नेमकं चवीच्या नावावर चिकटवलेलं.

२१.
केचपचे वेफर्स, कॅनडा. बोटं लाल.
"हे काय, केचप लावलेले वेफर्स!"
"मग तुम्हाला काय अपेक्षित होतं?"
तिथल्या होस्टेस कंपनीने सत्तरच्या दशकात आधी द्राक्ष, संत्रं आणि चेरीच्या चवी आणून पाहिल्या होत्या. त्या बुडाल्या. केचप अजून चालू आहे.

२२.
वेफर्सच्या जन्माची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. १८५३, अमेरिकेतलं साराटोगा स्प्रिंग्ज, जॉर्ज क्रम नावाचा आचारी. गिऱ्हाईक सारखं म्हणतंय काप जाड आहेत. आचाऱ्याने वैतागून कागदाएवढे पातळ काप केले, कडक तळले, वर मीठ मारलं, आणि गिऱ्हाईक खूश. फक्त पंचाईत एवढी की विल्यम किचनर ह्या इंग्रजाच्या १८१७ च्या पाकपुस्तकात बटाट्याचे पातळ काप चरबीत तळायची कृती छापलेली आहे.
सेल्सच्या साहेबांच्या प्रेझेंटेशनमध्ये क्रमची गोष्ट आहे. शीर्षक: 'ग्राहकाचं ऐका'. त्यांना १८१७ चं सांगितलं. म्हणाले, "त्या किचनरची स्लाइड होत नाही."

२३.
अमेरिकेत २०१४ च्या अशाच स्पर्धेत कॅपुचिनोची चव अंतिम फेरीत होती. आमच्याकडे ते पाकीट कधी आलं नाही. इंटर्नने साधा खारा वेफर मशीनच्या कॉफीत बुडवून खाल्ला आणि म्हणाला, "ह्यासाठी स्पर्धा?"

२४.
आमचीही स्पर्धा. चिठ्ठ्या टाकायच्या, नाव लिहायचं नाही. निघाल्या त्या अशा:
ठेचा. ठेचा. ठेचा. (बाजारात मिळतो, बाद.)
मिसळीची तर्री, पाव वेगळा.
फोडणीची पोळी.
अळूचं फदफदं, वर शेंगदाणा.
बोंबील, मालवणी. (शाकाहाऱ्यांची लेखी हरकत.)
उकडीच्या मोदकाचं सारण.
गणपतीतली खिरापत.
पहिल्या पावसाचा वास. (एचआरने विचारलं, खायचं काय त्यात?)
कालची आमटी.
आईच्या हातचं.
शेवटच्या चिठ्ठीवर अकाउंट्सचे काका म्हणाले, "कुणाच्या आईच्या?" मत कालच्या आमटीला सर्वांत जास्त.

२५.
भारतातही २०१० च्या आसपास अशी स्पर्धा झाली होती. तिच्यातून 'मस्ताना मँगो' बाजारात आला. आंब्याच्या देशात आंब्याचे वेफर्स. हापूसवाल्या रत्नागिरीकराला त्याबद्दल विचारलं. त्याने विषय बदलला.

२६.
जपान, जुलै २०२४. टोकियोत शाळकरी मुलांनी 'अठरा वर्षांखालील व्यक्तींनी खाऊ नये' असं लिहिलेले जहाल तिखट वेफर्स वाटून खाल्ले. चौदाजण रुग्णालयात.
नागपूरकर: "कुठे मिळतात?"

२७.
जपानच. २०१६ च्या ऑगस्टमध्ये होक्काइडोला एकामागून एक वादळांनी झोडपलं, बटाटा गेला. पुढच्या एप्रिलमध्ये कॅल्बी कंपनीला काही वेफर्सची विक्रीच थांबवावी लागली, त्यात लोकांचे लाडके पिझ्झाच्या चवीचेही. दुकानं रिकामी झाली. पाकिटं इंटरनेटवर कित्येक पट भावाने लिलावात निघाली.
मंचरवाल्याने हे दोनदा वाचलं. मग विचारलं, "शेतकऱ्याला किती भेटले?"

२८.
त्रिकोणी चाचणी. चव तपासणाऱ्यांच्या धंद्यातली जुनी पद्धत. तीन सारख्या वाट्या, दोहोंत एकच माल, तिसरीत वेगळा. वेगळी ओळखा. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनांत एकदा बरोबर येतंच. म्हणून निकाल त्यापेक्षा बराच चांगला हवा.
आम्ही एक महागडा आयात केलेला खारा वेफर आणि पुण्याच्या कॅम्पातल्या बुधानींचा खारा वेफर लावला. निकाल डोळे मिटून बोट ठेवण्याइतका. महागडं पाकीट आणणाऱ्याने चाचणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला: वाट्या स्टीलच्या होत्या.

२९.
प्रत्येक शुक्रवारी कोपऱ्यात एक प्लेट साध्या खाऱ्या वेफर्सची असते, तुलनेसाठी. तिला गुण कुणी देत नाही. ती आधी संपते.

३०.
१९९८ मध्ये अमेरिकेत शरीरात न पचणाऱ्या तेलात तळलेले वेफर्स आले. चरबी शून्य. नाव 'वॉव'. पाकिटावर कायद्याने छापावं लागलं की पोटात कळ येऊ शकते आणि जुलाब होऊ शकतात.

३१.
मसाला चढवायचा म्हणजे तळलेले वेफर्स फिरत्या पिंपात टाकतात आणि वरून पूड सोडतात. जी पूड वेफरला धरत नाही ती तुकड्यांबरोबर पाकिटाच्या तळाशी जाते. म्हणजे सर्वांत जास्त चव चुऱ्यात. हे ज्ञान मजल्यावर फक्त लीड मॅडमना आहे. सगळे जागेवर गेल्यावर त्या पॅन्ट्रीत परत येतात, पाकीट उभं दुमडतात, मान मागे करतात आणि सरळ तोंडात ओततात. मामा तेवढा वेळ दाराशी उभे असतात.

३२.
एका नव्या मुलीने जागेवर लपवलेलं पाकीट सापडलं. परदेशातलं नाही. बटाट्याचा कीस, घरचा, गच्चीवर वाळवलेला आणि तळून आणलेला. वर जिरं आणि तिखट. वहीत नोंद घ्यायची की नाही यावर वाद झाला, कारण पाकिटावर लेबल नव्हतं. वाद चालू असताना पिशवी रिकामी झाली. अकाउंट्सवालीने आवाजाचे दहापैकी दहा लिहिले. हे दहा आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेले नाहीत.

३३.
वाचकांपैकी कुणी पोर्तुगाल, तुर्कस्तान किंवा मेक्सिकोच्या बाजूला जाणार असेल तर आमच्यासाठी तिथली एखादी चव आणावी. ट्रफल नको. विमानात हवेचा दाब सहा-आठ हजार फुटांवरच्या डोंगराएवढा असतो, त्यामुळे पाकिटं टम्म फुगतात. घाबरून टाचणी लावू नये, लावली की पुण्याला पोचेपर्यंत सादळतात. बॅगेत कपड्यांच्या वर ठेवावीत. मामा पाकीट हलवून बघणार आहेत.